घरी शिवलेले कपडे विकायचे आहेत? सीमाभागातल्या ताईंसाठी हिशेब, कर आणि परवान्यांची माहिती

बेळगावात शिवलेला खणाचा कुर्ता बारा-पंधरा किलोमीटरवरच्या शिनोळीत पाठवला, तर कायद्याच्या नजरेत तो परराज्यात गेला. तोच कुर्ता पाचशे किलोमीटरवर बंगळुरूला पाठवला, तर तो राज्यातच राहिला. आपल्या सोयरिकी, बाजार आणि सण सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण करखाते नकाशा बघते. घरी कपडे शिवून विकणाऱ्या अनेकींना ही गोष्ट उशिरा कळते, आणि तोपर्यंत पार्सले जाऊन पोहोचलेली असतात.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. शिवणारी बाई कापडाचा, अस्तराचा, बटणांचा हिशेब ठेवते. स्वतःच्या तासांचा ठेवत नाही. "घरीच तर शिवते, वेळ जातो" असे म्हणत वर्ष निघते आणि हातात काही उरत नाही.

या दोन गोष्टी सांभाळल्या तर हा धंदा कमी भांडवलात उभा राहतो. शिलाई येत असेल आणि कपडे विकायचे मनात असेल, तर सुरुवातीला काय काय बघायचे ते इथे क्रमाने दिले आहे. उदाहरणे बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातली आहेत. गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा आणि हैदराबादच्या वाचकांना कुठे फरक पडतो तेही सांगितले आहे.

आधी ठरवा: शिलाई करणार की कपडे विकणार?

गिऱ्हाईक स्वतःचे कापड आणते आणि तुम्ही शिवून देता, ही झाली शिलाई. यात तुम्ही सेवा देता. भांडवल थोडे, जोखीम थोडी, पण कमाई तुमच्या हातांच्या वेगाइतकीच.

तुम्ही स्वतः कापड आणता, बेतता, शिवता आणि तयार कपडा विकता, ही झाली मालाची विक्री. यात पैसा आधी गुंततो. माल पडून राहिला तर नुकसान तुमचे, पण नक्षी, रंग आणि किंमत तुमच्या हातात असते.

हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे, कारण सेवा आणि माल यांना कराचे नियम वेगळे लागतात. बऱ्याच जणी दोन्ही करतात. त्यात गैर काही नाही, फक्त वही वेगळी ठेवा. शिलाईचे पैसे एका पानावर, विक्रीचे दुसऱ्या पानावर.

काय शिवायचे?

बाजारात तयार कपडा स्वस्त मिळतो. साध्या सुती गाऊनच्या भावात कारखान्याशी स्पर्धा करू नका, टिकणार नाही. जे कारखान्यात सहज होत नाही आणि आपल्या भागात ज्याची ओळख आहे, ते निवडा.

आपल्या हाताशी माल भरपूर आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण, इरकली, शहापूर-वडगाव-खासबागच्या मागांवरचे कापड. धारवाड भागातली कसुती तर धाग्याच्या गाठी न दिसू देता हाताने भरतात. इरकली साडी आणि कसुती या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इंदूरकडच्यांना महेश्वर जवळ, ग्वाल्हेरकडच्यांना चंदेरी, हैदराबादकडच्यांना नारायणपेठ. घाऊक सुती कापड आणि अस्तरासाठी इचलकरंजी सगळ्यांना माहीत आहे.

कापड घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, पन्हा. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो. नेहमीच्या ४४ इंची कापडाच्या अंदाजाने बेतायला गेलात तर कापड कमी पडते. आधी कागदावर बेत काढा, मग मीटर ठरवा.

दुसरी, धुणे. ताग्यातला एक तुकडा कापून मोजा, धुवा, वाळवा, परत मोजा. आटले किती, रंग गेला का, ते वहीत लिहा. अस्तर न भिजवता लावले आणि पहिल्या धुण्यात ते आटले, तर कुर्ता तुमच्या नावाने परत येतो.

तिसरी, खरेपणा. आज खण हातमागावरही होतो आणि यंत्रमागावरही, रेशमाच्या जागी कृत्रिम रेशीमही असते. यंत्रमागाचा खण विकण्यात काही चूक नाही. तो हातमागाचा म्हणून विकणे ही चूक आहे. पक्के बिल घ्या आणि गिऱ्हाइकाला जे आहे तेच सांगा. हातमागाच्या खऱ्या मालासाठी केंद्र सरकारची 'हँडलूम मार्क' ही खूण २००६ पासून आहे.

सुरुवातीला एकच प्रकार घ्या. खणाचे कुर्ते, किंवा लहान मुलींची परकर-पोलकी, किंवा तयार ब्लाउज. वीस-पंचवीस नग पुरे. पाच प्रकार, सहा रंग आणि चार साइज धरलेत तर १२० नग होतात, आणि पैसा कपाटात अडकतो.

मशीन आणि जागा

घरचे चालू मशीन असेल तर नवे लगेच घेऊ नका. पहिली खरी गरज ओव्हरलॉकची असते. आतली शिवण सुटी दिसली की कपडा घरगुती वाटतो आणि भाव पडतो. चांगली कात्री, कापायला सपाट टेबल, वाफेची इस्त्री आणि ठराविक मापाचे कागदी साचे एवढ्यावर काम सुरू होते. काज-बटण आणि पिको बाहेरून करून घेता येते. महिन्याला त्यावर किती जाते ते तीन महिने लिहा, मग मशीन घ्यायचे की नाही ते आकडाच सांगेल.

किंमत: इथेच बहुतेक जणी चुकतात

एक कुर्ता घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

- खण, अडीच मीटर, १८० रुपये दराने: ४५०
- अस्तर, दोन मीटर, ६० रुपये दराने: १२०
- दोरा, बटणे, कॅनव्हास: ३०
- वीज, सुया, मशीन दुरुस्तीचा वाटा: २०
- लेबल, पिशवी: २०
- तुमचे चार तास, ताशी ८० रुपये: ३२०

एकूण ९६० रुपये.

आता नेहमी होते काय? कापड, अस्तर, दोरा-बटणे मिळून ६०० रुपये लागले म्हणून कुर्ता ८०० ला विकला जातो. दोनशे सुटले असे वाटते. त्यातून वीज आणि पिशवीचे ४० वजा करा, राहिले १६०. चार तासांना भागा, ताशी ४० रुपये. स्वतःच्या हातांना आपण लावलेल्या मजुरीचा हा निम्मा दर झाला. यातून पडून राहिलेला माल आणि बिघडलेला नग अजून वजा व्हायचाच आहे.

तोच कुर्ता १,३५० ला थेट विकला तर खर्च जाऊन ३९० उरतात. यातूनच पुढचे कापड, स्टॉलचे भाडे, न विकलेले नग आणि नफा निघतो. पण तो दुकानात ठेवला आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर तुमच्या हातात १,०१२ रुपये ५० पैसे येतात. खर्च वजा जाता उरले ५२ रुपये ५० पैसे. म्हणून दुकानात ठेवायचा विचार असेल तर तो वाटा किमतीत आधीच धरायला हवा. घरी एक भाव आणि दुकानात दुसरा असे केलेत तर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही.

कसुती किंवा हाताचे भरतकाम असेल तर घड्याळ लावून एक नग करा. आठ तास लागले तर आठ तास धरा. तो भाव बाजारात येत नसेल तर भरतकाम फक्त गळ्यापुरते ठेवा. तास कमी धरून स्वतःलाच फसवू नका.

सीमा आणि जीएसटी

हा भाग नीट वाचा.

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये ही मर्यादा आहे. तेलंगणात मालासाठी ती २० लाख आहे, हैदराबादकरांनी लक्षात ठेवावे. घरून शिवणाऱ्या बहुतेक जणी या मर्यादेच्या खूप आत असतात.

पण माल परराज्यात विकला की ही सवलत संपते. उलाढाल कितीही लहान असो, पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. बेळगावहून कोल्हापूरला पाठवलेला एक कुर्ताही त्यात येतो. नोंदणी नसेल तर दंड दहा हजार रुपयांपासून सुरू होतो.

याला तीन वाटा आहेत.

एक, गिऱ्हाईक तुमच्या दारी. चंदगडच्या मावशी बेळगावात आल्या, तुमच्या घरून कुर्ता घेऊन गेल्या आणि बिलावर परराज्याचा पत्ता लिहिलेला नाही, तर ती विक्री राज्यातलीच धरली जाते. पार्सल पाठवले की मात्र चित्र बदलते.

दोन, शिलाईची सेवा. गिऱ्हाइकाचेच कापड घेऊन शिवून देत असाल, तर गिऱ्हाईक परराज्यातले असले तरी वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सुरुवातीलाच शिलाई आणि विक्री वेगळी करा म्हटले ते यासाठी.

तीन, हस्तकला. सरकारच्या यादीत बसणाऱ्या हस्तकलेच्या वस्तू २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीशिवाय परराज्यात विकता येतात. मात्र पॅन हवे, आणि माल कितीही किमतीचा असला तरी ई-वे बिल काढावे लागते. वस्तू मुख्यतः हाताने घडवलेली असावी आणि तिच्यात कलाकुसर असावी अशी अट आहे. हातमागाचे कापड, हातछपाई, हाताचे भरतकाम या प्रकारांना जागा आहे. पण मशीनवर शिवलेला साधा ड्रेस केवळ घरी शिवला म्हणून हस्तकला ठरत नाही. तुमचा नग यादीत बसतो का, हे एकदा करसल्लागाराला दाखवून घ्या. त्याची फी दंडापेक्षा कमीच असते.

ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या पोर्टलवरही हीच रेघ आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना तिथे माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा नोंद क्रमांक घ्यावा लागतो.

मग नोंदणी करावी का? तुमची निम्मी गिऱ्हाइके सीमेपलीकडे असतील तर करावी. तिला सरकारी शुल्क नाही. घरच्या पत्त्यावर वीजबिल आणि घरमालकाचे संमतिपत्र देऊन ती होते. तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते, नाहीतर रोजचा विलंब आकार चढतो. एक टक्क्याची कंपोझिशन योजना सोपी वाटते, पण ती घेतली की माल परराज्यात विकता येत नाही. सीमेवरच्यांना ती बहुधा उपयोगाची नाही.

कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून असा आहे: प्रत्येक नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आपल्या १,३५० च्या कुर्त्यात कर धरूनच किंमत ठेवली तर साधारण ६४ रुपये करात जातात. कापड नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलाने घेतले असेल तर त्यावर भरलेला कर यातून वजा होतो. म्हणजे कच्च्या बिलाचे स्वस्त कापड शेवटी महाग पडू शकते.

प्रदर्शनाचीही गोष्ट ऐकून ठेवा. कर्नाटकातली नोंदणी घेऊन पणजी किंवा कोल्हापुरात चार दिवसांचा स्टॉल लावायचा असेल, तर त्या राज्यात तात्पुरती नोंदणी लागते. अर्ज किमान पाच दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना इथेही सूट आहे.

इतर कागद

उद्यम नोंदणी आधारवर होते, पोर्टलवर मोफत होते. कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. बँकेत आणि योजनांत हे प्रमाणपत्र विचारतात.

घरातच काम असेल तरी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत व्यवसाय परवान्याची चौकशी करा. दुकान काढायचे झाले तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद लागते. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड असावे लागते. फलक रंगवण्याआधीच हे धरा, म्हणजे दुप्पट खर्च होणार नाही.

कपड्याला लेबल लावा. तुमचे नाव-पत्ता, साइज सेंटिमीटरसह, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन. धुण्याची सूचना एका ओळीत मराठीत लिहिली तर परतीचा माल नक्की कमी होतो.

बँकेत धंद्याचे खाते वेगळे ठेवा. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात असला की नफा दिसत नाही.

पैसा कुठून?

पहिले वीस-पंचवीस नग शक्यतो स्वतःच्या पैशाने करा. विक्री बघा, मग कर्ज.

मुद्रा: २०१५ पासूनची योजना. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. घरगुती शिलाईला शिशू पुरतो.

पीएम विश्वकर्मा: २०२३ मध्ये सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. कुटुंबातून एकालाच मिळते. मुद्रा कर्ज चालू असेल तर अडते, म्हणून दोन्हींपैकी आधी कोणते घ्यायचे ते विचारपूर्वक ठरवा.

पीएमईजीपी: चार-पाच मशीन आणि मदतनीस घेऊन मोठे काम करायचे असेल तर. स्त्रियांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. अर्ज चालू आहेत का ते जिल्हा उद्योग केंद्रात बघा.

कर्नाटकात 'उद्योगिनी' आणि बचत गटांसाठी 'संजीवनी', महाराष्ट्रात 'उमेद' आहे. राज्याच्या योजनेला त्या राज्याचा रहिवास लागतो. माहेर चंदगड आणि सासर बेळगाव असेल तर कागद सासरचे चालतात, हे आधी समजून घ्या, म्हणजे हेलपाटे वाचतील.

विक्री आणि उधारी

आपला बाजार सणांवर चालतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग पाडवा, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. गणपतीत विकायचे असेल तर कापड आषाढात घरात हवे. सणाच्या आठवड्यात नवीन काम घेऊ नका, आधीचेच पूर्ण होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना कपडा दिवसाच्या उजेडात काढा आणि सोबत छाती, कंबर, उंची इंचात लिहा. 'एम' आणि 'एल' प्रत्येकीचे वेगळे असते. माप चुकले तर किती दिवसांत बदलून मिळेल, मापाने शिवलेला कपडा परत घेणार की नाही, हे आधीच एका ओळीत सांगा.

ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घ्या. ओळखीच्यांकडे मागायला जीभ रेटत नाही, हे खरे. पण उधारी ओळखीच्यांकडेच राहते. "कापड आणायला लागतात" एवढे म्हटले तरी पुरते. दुकानात माल ठेवला तर नग, किंमत, वाटा आणि पैसे देण्याची तारीख कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात एक प्रकार निवडा, कापड धुऊन बघा, दोन नमुने शिवा, तास मोजा. दुसऱ्या महिन्यात वीस नग, वेगळे खाते, उद्यम नोंदणी. विक्री घरून आणि राज्यातच ठेवा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वही उघडा. किती नग गेले, कोणता साइज राहिला, किती जणींनी सीमेपलीकडून विचारले? त्या शेवटच्या आकड्यावर जीएसटीचा निर्णय घ्या.

आणि एक रकाना रोज भरा: आज किती तास शिवले. हा धंदा घर चालवतो की नुसता वेळ घालवतो, ते वर्षाच्या शेवटी त्या रकान्यावरून कळेल.